इमारतीच्या सावलीतले मॉस

ठाण्यातल्या बहुतेक गृहसंकुलांत इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक अरुंद पट्टा सुटलेला असतो. घोडबंदर रस्त्याच्या अंगाने उभ्या राहिलेल्या उंच इमारतींमध्ये तर हा पट्टा दोन्हीकडून झाकला जातो आणि वर्षातला बराच काळ तेथे थेट ऊन पडतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तेथे रोपवाटिकेतून आणलेले लॉनचे गालिचे अंथरले जातात, चार महिने ते कसेबसे तग धरतात आणि दिवाळी उलटली की पिवळे पडून विरळ होत जातात. हरळी असो वा मेक्सिकन गवत, त्याला रोज काही तास थेट ऊन हवेच असते. ते नसेल तर कितीही खत-पाणी घातले तरी ते गवताच्या अंगी लागत नाही. काही वर्षे असा खर्च झाला की वार्षिक सभेत पेव्हर ब्लॉकचा ठराव येतो आणि मातीचा तो शेवटचा तुकडाही झाकला जातो.

मला सांगायचे आहे ते असे की, या जागेला शोभणारी वनस्पती ठाण्यात आधीपासूनच आहे. ती विकत आणावी लागत नाही. तिच्यासाठी जागा करून ठेवली तर ती आपण होऊन येते, आणि आपल्या ऋतुमानाप्रमाणे तिला हिरवे व्हायची आणि सुकायची मुभा दिली तर वर्षानुवर्षे राहते. ही वनस्पती म्हणजे मॉस. कुंपणाच्या भिंतीवर, कुंडीच्या बाहेरच्या अंगाला, गटाराच्या काठावर आणि जुन्या विटांवर पावसाळ्यात जो मऊ, दाट, हिरवा थर दिसतो तो पुष्कळदा मॉसचाच असतो. आपण त्यालाही सरसकट शेवाळ म्हणतो, आणि त्यामुळे फरशीवर माखलेल्या, पाय घसरवणाऱ्या बुळबुळीत थराचा दोष विनाकारण मॉसच्याही माथी बसतो. तो बुळबुळीत थर मुख्यतः शैवालांचा आणि नील-हरित जीवाणूंचा असतो. मॉसला मात्र इवलेसे खोड असते, त्यावर पाने असतात, आणि त्यावरून बोट फिरवले तर बोटाला चिकट काही लागत नाही.

मॉस हा ब्रायोफायटा गटातला वनस्पतिप्रकार आहे. शाळेच्या पुस्तकातल्या फ्युनेरिया नावाच्या मॉसच्या आकृतीमुळे त्याची ओळख बहुतेकांना झालेली असते. जगात मॉसच्या सुमारे १२ हजार प्रजाती असाव्यात असे मानले जाते. त्यांना खरी मुळे नसतात. मूलाभ नावाचे बारीक धागे असतात आणि त्यांचे मुख्य काम जमीन किंवा दगड धरून ठेवणे एवढेच असते. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार मॉस आपल्या पानांवाटेच शोषून घेते. बहुतेक प्रजातींचे पान पेशींच्या एकाच थराचे असते, म्हणून पानावर पडलेला थेंब थेट पेशीपर्यंत पोहोचतो. बागकाम करणाऱ्याच्या दृष्टीने या एका गोष्टीतून पुष्कळ काही निष्पन्न होते. मॉसला खोल माती लागत नाही आणि शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत यांपैकी काहीही लागत नाही. परंतु जमिनीच्या पोटातले पाणी वर ओढण्याची सोय त्याच्याकडे नसते आणि अंगातले पाणी अडवून धरण्याचीही नसते. भोवतालची हवा ओली असेल तेव्हा ते ओले असते आणि हवा कोरडी झाली की तेही कोरडे होते. कोरडे होणे म्हणजे मात्र मरणे नव्हे. ज्या प्रजाती आपल्या भिंतींवर आणि दगडांवर राहतात त्यांची पेशीच अशी घडलेली आहे की, सुकल्यावर तिचे व्यवहार थांबतात आणि पाणी मिळताच पुन्हा सुरू होतात.

हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे. ठाणे-मुंबईच्या भिंती, दगड आणि सिमेंटचे कठडे यांवर सर्रास आढळणारे एक मॉस म्हणजे हायोफिला इन्व्होल्युटा. एप्रिल महिन्यात कुंपणाच्या काळ्या दगडावर जो तपकिरी, काळपट, निर्जीव वाटणारा थर असतो तो दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहावा. प्रत्येक रोपटे जेमतेम सेंटिमीटरभर उंच असते आणि त्याची पाने दोन्ही कडांनी आत वळून सुरळीसारखी झालेली असतात; त्यामुळे पानाची पाठ तेवढी दिसते आणि सगळा थर मातकट भासतो. त्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला की त्या सुरळ्या हलू लागतात. कडा सुटतात, पान बाहेर झुकते, आतला हिरवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि थोड्याच वेळात भिंगाखालच्या प्रत्येक रोपट्याच्या शेंड्यावर हिरवी चांदणी उमललेली असते. आमच्या संकुलाच्या माळीकाकांनी उन्हाळ्यात मला विचारले होते, “ताई, हे वाळलेलं खरवडून टाकू का? रंगाचा माणूस येणार आहे.” त्यांच्या हाती भिंग देऊन हा थेंबाचा प्रयोग दाखवला तेव्हा ते बराच वेळ दगडाशी उकिडवे बसून राहिले आणि मग त्यांनी स्वतःच पुढच्या दगडावर पाणी शिंपडून पाहिले. त्यानंतर तो दगड कोणी खरवडलेला नाही.

हायोफिलाखेरीज आपल्याकडे सावलीतल्या उघड्या मातीवर फिसिडेन्स येते. त्याची पाने देठाच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीत, चपटी लागलेली असतात, त्यामुळे ते पाहताच ओळखता येते. पायवाटेच्या फटींत, जेथे थोडे ऊन लागते तेथे, ब्रायमचे रुपेरी छटेचे पुंजके दिसतात. पावसाळ्यात भिंतीच्या पायथ्याशी, अगदी काळोख्या कोपऱ्यात सायथोडियम नावाची मॉसची एक नातलग वनस्पती उगवते. तिचा पातळ पसरट देह तिरप्या नजरेने पाहिला तर पिवळसर हिरवा प्रकाश फेकताना दिसतो. तो प्रकाश तिचा स्वतःचा नसतो, बाहेरून आलेला थोडासा उजेड तिच्या पेशी परत फेकत असतात. ठाण्यातल्या एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूला, मीटरच्या खोलीशेजारी हे दृश्य विनामूल्य पाहायला मिळते आणि तरी ते फारसे कोणी पाहत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मॉसची बाग म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर जपानमधील क्योटो शहरातले साइहो-जी हे मंदिर येते. तेथील बागेत मॉसचे सुमारे १२० प्रकार असल्याचे सांगतात, आणि १९९४ साली युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आपल्या देशात उत्तराखंडाच्या वनविभागाने नैनीतालजवळ खुर्पाताल येथे २०२० साली मॉसचे उद्यान सुरू केले. दोन्ही ठिकाणे आदराने पाहावीत अशी आहेत. पण त्यांची छायाचित्रे समोर ठेवून ठाण्यात बाग करायला निघालो तर पदरी निराशाच येईल. क्योटोमध्ये वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि ठाण्यात अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या हिशेबाने आपण पुढेच आहोत. फरक आहे तो वाटणीचा. क्योटोचा पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, तर आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि नंतरचे आठ महिने आभाळ कोरडे जाते. आपल्याकडचे मॉस याच वाटणीला सरावलेले आहे. जूनमध्ये ते जागे होते, जुलै-ऑगस्टमध्ये पसरते, पावसाळ्याच्या उत्तरार्धात लाल-तपकिरी दांड्यांवर बीजाणूंच्या कुप्या धरते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकू लागते, थंडीतल्या दवावर सकाळपुरते हिरवे होते आणि मार्चपासून तपकिरी होऊन पडून राहते. वर्षातले चार-पाच महिने गडद हिरवे आणि उरलेले महिने तपकिरी, पण जिवंत, असा गालिचा ज्याला मान्य आहे त्याने ठाण्यात मॉस जरूर वाढवावे. ज्याला बाराही महिने हिरवेच हवे आहे त्याला पाण्याची पुष्कळ तजवीज करावी लागेल. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

जागा निवडताना दिशा पाहावी लागते, आणि येथे आपल्या अक्षांशाची एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इमारतीच्या उत्तरेला कायम सावली असते असे आपण धरून चालतो. ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तो दिवस शून्य सावलीचा दिवस म्हणून हल्ली शाळांतून पाहिलाही जातो. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेकडून जातो. म्हणजे उत्तरेचा पट्टा ऐन मे महिन्याच्या उत्तरार्धात, पाऊस अजून आलेला नसताना, उन्हात सापडतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले की प्रश्न मिटतो; पण मधले ते दोन-चार आठवडे मॉसच्या दृष्टीने वर्षातले सर्वांत कठीण असतात. म्हणून नुसती उत्तर दिशा पुरेशी नाही. उत्तरेलाच समोर दुसरी इमारत, उंच भिंत किंवा बाराही महिने पाने धरणारे एखादे झाड असेल तर तो पट्टा उत्तम. नवी मुंबईत बेलापूरला, पारसिक टेकडीच्या उतारालगतच्या घरांमागे अशा जागा आहेत, जेथे टेकडीच सावली धरते आणि दगडांतून पाझर पावसाळ्यानंतरही काही आठवडे चालू राहतो. तेथे मॉस कोणीही न लावता दिसते.

जमीन तयार करण्याची रीत आपल्या नेहमीच्या बागकामाच्या नेमकी उलट आहे. एरवी आपण माती खणतो, भुसभुशीत करतो, खत मिसळतो. येथे माती खणायची नाही. वरचा पालापाचोळा, गवताची मुळे आणि खडे काढून टाकायचे, हलका उतार राहील अशा बेताने जमीन सारखी करायची आणि नंतर ती धुमसाने किंवा फळीने चांगली चोपून घट्ट करायची. भुसभुशीत माती पहिल्याच सरीत वाहून जाते आणि मूलाभांना धरायला काही उरत नाही. चोपलेल्या जमिनीवर रोपवाटिकेत मिळणाऱ्या लाल मातीचा आणि जुन्या विटांच्या बारीक चुऱ्याचा बोटभर थर देऊन तोही दाबून बसवला तर फार चांगले. विटेचा चुरा ओल धरतो, आणि भाजलेल्या मातीवर मॉस किती आवडीने येते ते कोणत्याही जुन्या मातीच्या कुंडीकडे पाहून कळते. परदेशी पुस्तकांतून जमीन आम्लधर्मी करण्यासाठी गंधक घालण्याचा सल्ला दिलेला असतो. तो थंड प्रदेशांतील जंगली प्रजातींना धरून आहे. आपल्या भिंतींवरची हायोफिला चुन्यावर आणि सिमेंटवर सुखाने वाढते. तिच्यासाठी गंधक आणण्याचे काही कारण नाही.

मग मॉस आणायचे कोठून? पहिले उत्तर, कोठूनही नाही. हवेत बीजाणू असतातच, आणि घट्ट, उघडी, ओली, सावलीतली जमीन पावसाळाभर निर्वेध राहिली तर तिच्यावर आधी हिरवट पापुद्रा येतो आणि त्यातून मॉसची रोपटी उभी राहतात. हा मार्ग संथ आहे, पण त्यातून येणारी प्रजाती त्या जागेच्या उजेडाला आणि ओलीला मानवलेली असते, म्हणून माझे मत याच मार्गाच्या बाजूने आहे. घाई असेल तर आपल्याच आवारातले मॉस वापरावे. इमारतीला रंग देण्याआधी भिंती आणि कठडे खरवडले जातात आणि मॉसच्या पापुद्र्यांची पोतीच्या पोती कचऱ्यात जातात. हेच पापुद्रे सावलीत वाळवून, तळहातांत चुरून, चोपलेल्या ओल्या जमिनीवर भुरभुरावेत आणि वरून फळीने दाबावेत. मॉसच्या पानाच्या किंवा खोडाच्या तुकड्यातूनही नवे रोप तयार होऊ शकते, म्हणून ही युक्ती लागू पडते. मात्र ज्या पृष्ठभागावरून घेतले तशाच पृष्ठभागावर ते लावावे. सिमेंटवरचे मॉस विटेवर आणि फरशीच्या कडेवर रुजते, मातीवरचे मातीवर. झाडाच्या सालीवरचे मॉस जमिनीवर सहसा टिकत नाही, तेव्हा ते सालीवरच राहू द्यावे.

येऊरच्या जंगलातून मॉस आणण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती उचलून आणणे हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जंगलातल्या खडकावरचा मॉसचा जाड थर तयार व्हायला अनेक पावसाळे लागलेले असतात. त्यात असंख्य सूक्ष्म प्राणी राहतात, नेचांचे आणि रानफुलांचे बी त्याच्याच ओलीवर रुजते, आणि तो सोलून काढला की उघडा पडलेला खडक पुन्हा झाकला जायला तेवढाच काळ जातो. शिवाय तो थर शहरातल्या धुळीत आणि उष्णतेत तग धरत नाही. रोपवाटिकांत आणि सजावटीच्या दुकानांत मिळणाऱ्या वाळलेल्या मॉसच्या पिशव्यांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. ते कोणत्या डोंगरावरून सोलून आणले ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. स्फॅग्नम नावाने जे विकले जाते ते ऑर्किडच्या कुंड्यांसाठी असते आणि त्याचा जमिनीवरच्या गालिच्याशी काही संबंध नाही.

मॉस ताकात घुसळून भिंतीवर किंवा जमिनीवर फासायची कृती समाजमाध्यमांतून वारंवार फिरत असते. तिच्यामागे कारणमीमांसा काहीच नाही. मॉस आपले अन्न स्वतः प्रकाशातून तयार करते, त्याला ताकातले दूध-घटक नको असतात. आपल्या दमट हवेत ते ताक आंबते, त्यावर बुरशी धरते आणि मुंग्या लागतात. मॉसचे तुकडे नुसत्या पावसाच्या पाण्यात कालवून पसरले तर जे काम होते त्यात ताकाने कोणतीही भर पडत नाही.

काम जूनच्या पहिल्या पावसानंतर करावे असे बरेच जण म्हणतात. मला मात्र जमीन तयार करण्याचे काम मे महिन्यातच उरकून ठेवणे आणि पापुद्रे भुरभुरण्याचे काम पहिला जोर ओसरल्यावर करणे योग्य वाटते. आपल्याकडचा पाऊस मॉसचा पोशिंदा आहे आणि त्याच्या लागवडीचा शत्रूही आहे. एका रात्रीत शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस झाला तर नुकतेच भुरभुरलेले तुकडे थेट गटारात जातात. त्यासाठी काथ्याची विरळ जाळी किंवा जुन्या सुती साडीचा पातळ तुकडा वरून अंथरून कडांना दगड ठेवावेत. मॉस त्यातून वर येते आणि काथ्या यथावकाश कुजून जातो. छज्जावरून आणि पत्र्यावरून पागोळ्या जेथे पडतात ती रेघ सोडूनच द्यावी. पागोळीच्या माऱ्याखाली मातीत खळगे पडतात, तेथे मॉस कधीच धरत नाही. त्या रेघेत नदीतले गोटे किंवा खडी टाकली की पाण्याचा जोर मोडतो आणि उडणारे बारीक तुषार शेजारच्या मॉसला मिळत राहतात.

आता उन्हाळ्यातल्या पाण्याविषयी, कारण गोंधळ आहे तो येथेच. सुकलेले मॉस पाणी मिळताच जागे होते हे खरे, पण त्या जागे होण्याला किंमत असते. सुकताना झालेली पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्यात साठवलेली शक्ती खर्च होते आणि ती भरून निघण्यासाठी त्यानंतर काही तास ओले राहून, उजेडात अन्न तयार करावे लागते. मे महिन्यात दुपारी कोणी पाइपने दोन मिनिटे शिंपडून गेले तर मॉस जागे होते, खर्च करते आणि जमा होण्याआधीच पुन्हा सुकते. असे रोज घडले तर ते खंगत जाते आणि शेवटी खरोखर मरते. उष्ण हवेत ओले राहणे हेही त्याला जाचक असते, कारण तापमान चढले की श्वसनात खर्च होणारे अन्न तयार होणाऱ्या अन्नाहून जास्त होते. म्हणून एकतर उन्हाळ्यात अजिबात पाणी घालू नये आणि त्याला निवांत सुकू द्यावे, किंवा घालायचे तर पहाटे, भरपूर, आणि निदान सकाळभर ओल टिकेल असे घालावे. मधला मार्ग सर्वांत वाईट.

पाणी कोणते, हाही प्रश्न आहे. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातले क्षार मॉसच्या पानांवर पांढरे पुटासारखे बसतात, आणि मुळे नसलेल्या वनस्पतीला ते झटकता येत नाहीत. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. त्या खालोखाल मी वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याला मान देते. ते हवेतल्या बाष्पाचे पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि जेव्हा बाकी सगळे सुकलेले असते त्याच महिन्यांत ते सर्वाधिक ठिबकते. ठाण्यात कोणत्याही इमारतीभोवती एप्रिलमध्ये फेरी मारली तर ज्या भिंतीवर अशी नळी सुटलेली आहे तेवढ्याच भागात मॉसचा हिरवा पट्टा दिसतो; भोवतालची भिंत कोरडी तपकिरी असते. त्या नळ्या एकत्र करून सावलीच्या पट्ट्यात, छिद्रे पाडलेल्या पाइपातून सोडल्या तर रात्रभर संथ ओल मिळते. ज्यांना उन्हाळ्यातही हिरवा तुकडा हवा आहे त्यांच्यासाठी मला हाच एक शहाणपणाचा उपाय दिसतो, कारण पाणीकपातीच्या दिवसांत पिण्याचे पाणी मॉसवर ओतावे असे मी कोणालाही सांगणार नाही.

निगा राखायची म्हणजे मुख्यतः झाडलोट. रेन ट्री आणि देशी बदाम यांची पाने हिवाळ्याच्या शेवटापासून गळू लागतात; बदामाचे एक रुंद पान आठवडाभर मॉसवर पडून राहिले तरी खालचा उजेड तुटतो, आणि पावसाळ्यात तर पानाखालचे मॉस कुजते. खराट्याने झाडले तर पानांबरोबर मॉसही उखडले जाते, म्हणून मऊ केरसुणी वापरावी आणि मॉस कोरडे असताना तीही हलक्या हाताने फिरवावी. पावसाळ्यात आंबुशी, लव्हाळा आणि बारीक पानांची पिलिया मॉसमध्ये घुसतात. ती उपटताना एका हाताच्या दोन बोटांनी मॉस दाबून धरावे आणि दुसऱ्या हातातल्या चिमट्याने तण सरळ वर खेचावे, नाहीतर तणाबरोबर तळहाताएवढा तुकडा हाती येतो. झाडांवर बोर्डो मिश्रण फवारायचे असेल तेव्हा खालचे मॉस प्लास्टिकने झाकावे. त्यातले मोरचूद मॉसला विषासमान आहे. पायवाटेवर टाकलेली ब्लीचिंग पावडर धुऊन मॉसकडे वाहत येणार नाही याचीही काळजी घ्यावी. साळुंक्या आणि भारद्वाज किडे शोधताना मॉसचे तुकडे उलथून टाकतात. ते तुकडे पुन्हा सुलटे करून पायाने दाबले की बसतात. घुशीने उकरलेली जमीन मात्र पुन्हा चोपूनच घ्यावी लागते.

सभेत जे आक्षेप येतात त्यांपैकी डासांचा आक्षेप लवकर निकालात निघतो. डासांना अंडी घालायला साचलेले पाणी लागते; उतार दिलेल्या चोपलेल्या जमिनीवर आणि मॉसच्या थरात पाणी साचत नाही, ते शोषले जाते किंवा वाहून जाते. घसरण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मानलाच पाहिजे, कारण संकुलात वृद्ध माणसे असतात. मॉसचा पट्टा चालण्यासाठी नाहीच. त्यातून जाण्याची वाट खडबडीत काळ्या दगडांची किंवा छिन्नीने टाकी लावलेल्या शहाबादी फरशांची असावी, ती पावसाळ्यात नियमित घासली जावी आणि तिच्यावर शैवालाचा थर साठू देऊ नये. भिंतीचा आक्षेपही रास्त आहे. मॉसचे मूलाभ काँक्रीट फोडत नाहीत, पण मॉसच्या ओल्या थरात पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे आणि उंबराचे बी सहज रुजते, आणि त्यांची मुळे मात्र भिंत फोडतात. म्हणून राहत्या इमारतीच्या भिंतीवर मॉस मुद्दाम वाढवू नये, जमिनीवरच्या गालिच्यात सुटे दगड आणि विटा मांडून त्यांच्यावर वाढवावे, आणि दर सप्टेंबरात सगळा पट्टा वाकून पाहत दोन पानांवर आलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढून घ्यावीत. पाऊस थांबण्याआधी जमीन मऊ असते तेव्हा ती नुसत्या चिमटीने निघतात. नोव्हेंबरनंतर तुटून खाली मूळ तसेच राहते.

ज्यांच्या इमारतीला येत्या पावसाळ्यानंतर रंग लागायचा असेल त्यांनी कंत्राटदाराशी बोलणी करतानाच एवढे ठरवून घ्यावे की, भिंती धुण्यासाठी आम्ल किंवा ब्लीच वापरण्यापूर्वी सुकलेले मॉस पत्र्याच्या पट्टीने खरवडून वेगळ्या गोणीत भरून ठेवायचे. मात्र त्यात जुन्या रंगाचे पापुद्रे मिसळू द्यायचे नाहीत. कागदी पिशवीत, कोरड्या जागी ठेवलेले असे मॉस पुढच्या जूनपर्यंत टिकते, आणि एका मध्यम इमारतीच्या कुंपणावर निघणारा साठा मागच्या पट्ट्याला पुरून उरतो.